कापूसपट्ट्यातला शेठ आणि पुढारी

२७ ऑगस्ट २०२५ पासून भारतातून अमेरिकेत जाणाऱ्या बहुतेक मालावर पन्नास टक्के आयात शुल्क लागू झालं. त्याच्या आठवडाभर आधी, १९ ऑगस्टला, भारत सरकारने परदेशातून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क उठवलं होतं. ही सवलत आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. देशातल्या गिरण्यांना आणि कापड निर्यातदारांना स्वस्त रुई मिळावी, हा त्यामागचा हेतू. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे असलेल्या झरी जामणी तालुक्यात त्या दिवसांत कपाशी पात्या-फुलांवर होती. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला होता. तेवढा भाव व्यापारी देईल का, ही धाकधूक मात्र वेचणी सुरू होण्याआधीच शिवारात शिरली.

अमेरिकेचं हे पन्नास टक्के शुल्क लादणारे डोनाल्ड ट्रम्प २०१६ मध्ये पहिल्यांदा निवडून आले, तेव्हा त्यांनी त्याआधी कधी सरकारी पद भूषवलेलं नव्हतं की लष्करात नोकरी केलेली नव्हती. अशी व्यक्ती अमेरिकेच्या अध्यक्षपदी पहिल्यांदाच बसत होती. इमारती, हॉटेलं, जुगारगृहं आणि स्वतःचं नाव विकणं हा त्यांचा व्यवसाय. पुण्याच्या कल्याणीनगरात आणि मुंबईच्या वरळीत त्यांच्या नावाचे टॉवर आहेत. तोंडाळ, तडकाफडकी निर्णय घेणारा, समोरच्याला जागच्या जागी झापणारा शेठ ही त्यांची ओळख, आणि तीच त्यांनी मतदारांपुढे पात्रता म्हणून मांडली. असा स्वभाव राज्य चालवायला लायक असतो का, यावर तिकडे दहा वर्षं वाद चालू आहे.

वऱ्हाडाला हा वाद नवा नाही. इथल्या कोणत्याही निवडणुकीत पारावर एक वाक्य हमखास कानी पडतं : मानूस रोखठोक हाय, हापिसरले झापते, काम करून घेते. त्याला जोडून दुसरा युक्तिवाद येतो की त्याच्याकडे मुळातच पैसा आहे, तो आपलं काय खाणार? दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे. फायलीमागे चकरा मारून चपला झिजलेल्या माणसाला अधिकाऱ्याच्या टेबलावर हात आपटणारा आपला वाटतो. पण व्यापारी आणि पुढारी यांच्या नात्याचा या पट्ट्याला दीडशे वर्षांचा अनुभव आहे. तो अनुभव या युक्तिवादांच्या पुढे बरंच काही सांगतो.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. आजचा यवतमाळ जिल्हा पुढे वणीच्या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळालं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर सगळ्यांची नजर गेली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. बाजारगावांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, राजस्थान-गुजरातेतून आलेल्या पेढ्या स्थिरावल्या. पेरणीला बी आणि सारा भरायला रोकड देणारा सावकार, हंगामात कापूस घेणारा व्यापारी आणि गाठी बांधणारा जिनवाला ही बहुतेक ठिकाणी एकाच घरातली माणसं असत.

त्या बाजारातला सौदा जवळून पाहण्यासारखा होता. अनेक बाजारांत भाव तोंडाने बोलला जात नसे. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात हातात घेत, वरून रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकत आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा ठरवत. याला हत्ता पद्धत म्हणत. ज्याचा माल तो शेतकरी गाडीच्या दांडीला टेकून शेजारीच उभा असे. रुमाल बाजूला झाल्यावर त्याला फक्त शेवटचा भाव कळे. त्यातूनही पुढे हमाली, तोलाई, नमुना, कटती आणि धर्मादाय वजा होत. दांडगा व्यापारी या बाजारात यशस्वी ठरे, कारण ओलाव्याचं कारण सांगून ठरलेला भाव पाडायला आवाज लागत असे. शेतकऱ्याला माल परत नेणं परवडत नसे, कारण गाडी, बैल आणि दिवस यांचा खर्च त्याच्या डोक्यावर असे.

या बाजाराला शिस्त लावण्याचा देशातला पहिला प्रयत्नही वऱ्हाडातलाच. १८८६ मध्ये कारंजा इथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. वजनं तपासली जाऊ लागली, बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या समित्या नेमल्या गेल्या. मात्र त्या समित्यांमध्ये व्यापारी आणि नगरपालिकेचे प्रतिनिधी बसत; कापूस पिकवणाऱ्याला जागा नव्हती. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात या उणिवेवर बोट ठेवलं. बाजार चालवायला व्यापारी लागतो, हे खरंच होतं. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच तक्रार ऐकायला बसला, तर रुमालाखालचा हात कायद्यानेही उघडा पडत नाही, हे कापूसपट्टा तेव्हाच शिकला.

म्हणूनच असेल, पण या भागाने पहिलं राजकीय नेतृत्व पेढीवरून उचललं नाही. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे वकील होते. झरी जामणीच्या शेजारच्या वणीत २९ ऑगस्ट १८८० रोजी जन्मलेले माधव श्रीहरी अणे, म्हणजे लोकनायक बापूजी अणे, यवतमाळला वकिली करत. जुलै १९३० मध्ये त्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडायचा, असा तो लढा होता. मिठाचा कायदा समुद्रकाठी मोडला गेला. इथल्या गुराख्याला, शेतकऱ्याला आणि कोलाम-गोंड कुटुंबांना रोज भिडणारा कायदा जंगलाचा होता. अणे पुढे काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले, बिहारचे राज्यपाल झाले, वेगळ्या विदर्भाच्या मागणीसाठी उभे राहून नागपूरचे खासदार झाले. सरकारशी सरकारच्या भाषेत भांडता येणं हे वकिलाचं बळ होतं. व्यापाऱ्याला मात्र परवाना, रेल्वेची वाघीण आणि कर्जवसुलीचा हुकूमनामा याच सरकारकडून घ्यायचा असे.

तरीही याच मुलखातून एक शेठ राष्ट्रीय राजकारणात गेला. जमनालाल बजाज यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा, राजस्थानातल्या सीकरजवळच्या खेड्यातला. वर्ध्याच्या बच्छराज बजाज यांच्या घरात ते नातू म्हणून दत्तक आले. घरचा धंदा कापसाचा. स्वभाव लहानपणापासून करारी. सतरा वर्षांचे असताना, एका समारंभाला दागिने घालून जायला त्यांनी नकार दिला, आजोबा संतापून वाटेल तसं बोलले. मुलाने सगळ्या इस्टेटीवर पाणी सोडत असल्याचं पत्र लिहिलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडलं. समजूत घालून त्याला परत आणावं लागलं. सरकारने पुढे त्यांना रायबहादूर केलं, मानद मॅजिस्ट्रेट केलं. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष झाले, आणि मग ती रायबहादुरी त्यांनी परत केली.

त्यानंतरची त्यांची कारकीर्द आजच्या वादाच्या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. १९२० पासून मरेपर्यंत ते काँग्रेसचे खजिनदार होते; व्यापाऱ्याचं हिशेबी डोकं तिथे सार्वजनिक कामाला लागलं. असहकारात वकिली सोडणाऱ्यांच्या चरितार्थासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात ते पुढे झाले आणि तुरुंगात गेले. दंडाच्या वसुलीसाठी सरकारने त्यांची मोटार जप्त केली, तर नागपुरात तिच्यावर बोली लावायला कोणी पुढे येईना. जुलै १९२८ मध्ये वर्ध्याचं आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्यांसाठी उघडलं, तेव्हा विरोध परक्यांपेक्षा स्वतःच्या जातभाईंकडून जास्त झाला. १९३६ मध्ये गांधीजी ज्या सेगावात राहायला गेले, त्या गावाची बरीचशी मालगुजारी जमनालालजींची होती. तेच पुढे सेवाग्राम झालं. १९३९ मध्ये जयपूर संस्थानाने प्रवेशबंदी घातली असताना ते तिथे गेले आणि पुन्हा अटकेत राहिले. ११ फेब्रुवारी १९४२ ला त्यांचं निधन झालं. श्रीमंतांनी संपत्तीचं विश्वस्त व्हावं असं आपण लिहायचो तेव्हा डोळ्यांसमोर जमनालालच असत, अशी कबुली गांधीजींनी दिली.

हा माणूस मवाळ होता म्हणून चांगला पुढारी ठरला, असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. आजोबांना, जातपंचायतीला, इंग्रज सरकारला आणि संस्थानिकाला तो सारख्याच ठामपणे नाही म्हणाला. त्याच्या करारीपणाची धार कायम वरच्या दिशेला होती. ज्यांच्याकडून त्याला काही मिळण्यासारखं होतं, जे त्याचं नुकसान करू शकत होते, त्यांच्यासमोर तो ताठ राहिला.

त्याच पिढीतले वालचंद हिराचंद स्वभावाने पार वेगळे. सोलापूरच्या कापूस आणि सावकारीच्या घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ ला जन्मलेल्या वालचंदांना पेढीवर बसणं मानवलं नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांना भागीदार घेऊन त्यांनी ठेकेदारी सुरू केली, पुढे बोर घाटाचे बोगदे खोदले. १९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं 'लॉयल्टी' हे जहाज घेऊन त्यांनी सहकाऱ्यांसह सिंदिया ही जहाज कंपनी काढली. ५ एप्रिलला ते मुंबईहून लंडनकडे निघालं, आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडवायचा चंग बांधला. वालचंद मागे हटले नाहीत. अमेरिकेहून परतताना विमान प्रवासात भेटलेल्या एका विमान उद्योजकाशी बोलणं झालं आणि त्यातून २३ डिसेंबर १९४० ला बंगळुरूमध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची पायाभरणी झाली. तिथे बांधलेलं 'जलउषा' १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं.

धडाडीचा उद्योजक कसा असतो, याचं महाराष्ट्रात याहून मोठं उदाहरण नाही. तरी वालचंद पुढारी म्हणून कधी ओळखले गेले नाहीत, आणि त्याचं कारण त्यांच्या कामातच दिसतं. किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, असं विधेयक सिंदियातल्या साराभाई हाजींनी १९२८ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात आणलं. इंग्रजी अमदानीत ते कायदा झालं नाही. विमान कारखाना युद्ध चालू असतानाच १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला, जहाज कारखानाही १९५२ मध्ये सरकारी झाला. एका माणसाच्या जिद्दीने बोगदा खोदला जातो आणि जहाज चालतं. कायदा करायला मात्र आपल्याला न आवडणाऱ्या माणसांचीही मतं जमवावी लागतात. ते काम वेगळ्या स्वभावाचं असतं, त्यात हार पत्करून पुन्हा बोलायला बसावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर उद्योगपतींनी थेट निवडणुकाही लढवल्या. जमनालालजींचे थोरले चिरंजीव कमलनयन बजाज १९५७ पासून सलग तीनदा वर्ध्यातून लोकसभेवर निवडून आले. १९७१ मध्ये नवल टाटा दक्षिण मुंबईतून अपक्ष उभे राहिले आणि पडले. टाटा हे नाव घराघरात होतं, पण इंदिरा गांधींच्या लाटेपुढे ते चाललं नाही. तिसऱ्या पिढीतले राहुल बजाज २००६ मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले आणि २०१० पर्यंत खासदार राहिले. बजाज ऑटो त्यांनी देशातल्या सर्वांत मोठ्या दुचाकी कारखान्यांच्या रांगेत नेऊन बसवली. मनात येईल ते तोंडावर बोलणं हा त्यांचा लौकिक. ३० नोव्हेंबर २०१९ च्या मुंबईतल्या समारंभात, केंद्रीय गृहमंत्री अमित शहा व्यासपीठावर असताना, सरकारवर उघड टीका करायला उद्योजक घाबरतात, असं त्यांनी सुनावलं. सभागृहात बसलेल्या बाकीच्या उद्योगपतींपैकी कोणी ते बोललं नव्हतं. राहुल बजाज कधी मंत्री झाले नाहीत, राज्यही त्यांनी चालवलं नाही. पण त्यांच्या फटकळपणाचं देशाने कौतुक केलं, कारण तो सत्तेच्या तोंडावर होता.

फटकळपणा हा काही शेठजींचाच मक्ता नाही. यवतमाळच्याच जांबुवंतराव धोटे यांच्याकडे पेढी नव्हती. ते शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे. १९६२ मध्ये ते आमदार झाले. विधानसभेत त्यांनी अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला, आमदारकी गेली, आणि पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. विदर्भाला स्वतःचं कृषी विद्यापीठ हवं म्हणून झालेल्या आंदोलनात ते आघाडीवर होते. १९६९ मध्ये अकोल्याला विद्यापीठ आलं. १९७१ मध्ये काँग्रेसच्या लाटेत फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर त्यांनी नागपूरची जागा जिंकली. धोट्यांच्या रौद्र स्वभावाने विदर्भाचं गाऱ्हाणं मुंबईला ऐकवलं, हे कोणी नाकारत नाही. मात्र त्याच जिल्ह्याच्या वसंतराव नाईकांनी डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ असं सव्वाअकरा वर्षं मुख्यमंत्रिपद सांभाळलं, ते शांतपणे ऐकून घेण्याच्या आणि सगळ्यांना धरून चालण्याच्या बळावर. एकाच मातीतल्या या दोघांकडे पाहिलं की दार ठोठावणं आणि घर चालवणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, हे लक्षात येतं.

नाईकांच्याच काळात सरकारने व्यापाऱ्याला बाजारातून बाहेर काढण्याचा प्रयोग केला. १९७१ च्या कायद्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यातला कापूस सरकारी केंद्रावरच विकणं बंधनकारक झालं. अडत्याचा रुमाल गेला. पडलेल्या बाजारात शेतकऱ्याला हमखास गिऱ्हाईक मिळालं, पण त्याच्या वाट्याला ग्रेडरची मनमानी, गाड्यांच्या रांगा आणि महिनोन्‌महिने अडलेले चुकारे आले. बाहेरचा भाव चढला की कापूस रातोरात राज्याच्या सीमेपलीकडे जाई. झरी जामणीतून तर नदी ओलांडली की आदिलाबादची बाजारपेठ. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या सक्तीविरुद्ध आवाज उठवला. म्हणजे दोष फक्त व्यापाऱ्याच्या स्वभावात नव्हता. ज्याला जाब विचारता येत नाही असा कोणीही वजनकाट्यापाशी बसला, की शेतकरी नाडला जातो. मग तो शेठ असो की सरकारी कर्मचारी.

व्यापारी जबर, त्यात घरात राजकीय सत्ता, आणि समोर कर्जदार शेतकरी, असं घडलं की काय होतं तेही विदर्भाने पाहिलं. २००६ हे शेतकरी आत्महत्यांनी काळवंडलेलं वर्ष. पंतप्रधान मनमोहन सिंग जून-जुलैच्या संधिकाळात विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्याच वर्षी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका सत्ताधारी आमदाराच्या सावकारी करणाऱ्या वडिलांविरुद्ध शेतकऱ्याची तक्रार पोलिसांत गेली. ती थेट न नोंदवता आधी जिल्हा समितीपुढे ठेवावी आणि कायदेशीर सल्ला घ्यावा, अशा आशयाची सूचना तेव्हाचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं, आणि डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयाने हा हस्तक्षेप बेकायदा ठरवून राज्य सरकारला दहा लाख रुपयांचा दंड केला. त्यानंतर २०१४ मध्ये सावकारी नियमनाचा नवा कायदा आला आणि सावकाराने गिळलेली जमीन परत मिळवण्याची वाट त्यात केली गेली. इथे दांडगाईची दिशा खाली होती, ज्याच्यापाशी वकील नाही आणि पर्यायही नाही अशा माणसाकडे.

सगळ्या वादाची किल्ली इथेच आहे. धंद्यातल्या धाडसाचं कौतुक होतं, कारण जोखीम घेणारा स्वतःचं भांडवल पणाला लावतो आणि समोरच्याला सौदा सोडून उठून जायची मुभा असते. ट्रम्प यांच्या कंपन्यांनी १९९१ ते २००९ दरम्यान सहा वेळा दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला. कर्ज देणाऱ्यांनी तोटा सोसला, वाटाघाटी झाल्या, नवा डाव मांडला गेला. अमेरिकेतल्या धंद्याच्या रीतीप्रमाणे ते चालून गेलं. राज्यकर्त्याने डाव चुकवला तर तोटा सोसणारा माणूस त्या टेबलावर बसलेलाच नसतो. तो झरी जामणीतल्या मुकुटबनच्या बाजारात कापसाची गाडी घेऊन उभा असतो, आणि वॉशिंग्टनच्या सौद्यातून उठून जायचा पर्याय त्याला कुणी दिलेला नसतो.

आजच्या झरी जामणीत शेठ एकट्या कापसाचा राहिलेला नाही. मुकुटबनच्या परिसरात चुनखडी आणि कोळसा आहे. २०२२ मध्ये तिथे वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. कोळशाची आणि सिमेंटची वाहतूक, रेती, रस्त्यांची कामं, तेंदूपत्ता यांतून ठेकेदारांचा नवा वर्ग उभा राहिला आहे. त्यांच्याकडे गाड्या आहेत, माणसं आहेत, आणि अधिकाऱ्याला फोन लावून कामाला लावायची हातोटी आहे. विधानसभेला हा तालुका वणी मतदारसंघात, तर लोकसभेला चंद्रपुरात मत देतो. दोन्ही कोळशाचे मुलूख. निवडणुकीला उभं राहायला पैसा लागतो, आणि तो ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे पक्षांची नजर आपोआप वळते.

दुसरीकडे याच तालुक्यात कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित मानलं, त्यांत कातकरी आणि माडिया गोंड यांच्यासोबत कोलाम येतात. बाहेरून आलेल्या पैसेवाल्यांनी पोडांवरच्या मुलींना फसवून सोडून दिल्याचा, कुमारी मातांचा प्रश्न झरी जामणी, मारेगाव आणि पांढरकवडा भागांत वर्षानुवर्षं चर्चेत आहे. त्या मुलींच्या बाजूने बोलायला धाडस लागतं, आणि ते ज्या माणसांविरुद्ध दाखवावं लागतं ती बहुधा गावातल्या वजनदारांच्या बैठकीतली असतात. रोखठोक म्हणून मिरवणाऱ्या कोणत्याही इच्छुकाची परीक्षा तिथे होते. तहसील कचेरीतल्या कारकुनाला झापणं त्यामानाने फार स्वस्त.

म्हणून उद्योजकाने राजकारणात येऊ नये, असा निष्कर्ष इतिहासातून निघत नाही. हिशेब कळणारा, वेळेची किंमत जाणणारा, काम तडीस नेणारा माणूस सार्वजनिक जीवनाला हवाच आहे. जमनालालजींनी वीस वर्षांहून जास्त काळ काँग्रेसची तिजोरी सांभाळून ते सिद्ध केलं. अशा माणसाचा आवाज चढा असला तरी बिघडत नाही. पण त्याचा धंदा ज्या माणसांच्या अडचणीवर उभा आहे, त्याच माणसांवर त्याला सत्ता मिळणार असेल, तर त्याची धडाडी हा गुण राहत नाही, धोका होतो. १८९७ च्या बाजार समित्यांमध्ये जे घडलं, तेच पुन्हा घडतं.

मतदाराच्या हातात आज १८९७ पेक्षा बरंच काही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२-०३ च्या निकालांमुळे विधानसभा-लोकसभेच्या प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्जं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र द्यावं लागतं आणि ते कोणालाही पाहता येतं. सरकारशी चालू ठेका असलेल्याला लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९ अ अपात्र ठरवतं. ग्रामपंचायतीच्या कामात ज्याचा हितसंबंध आहे, त्याला ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४ सदस्य होऊ देत नाही. झरी जामणीतली अनेक गावं आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याखाली येतात, तिथे ग्रामसभेला गौण खनिज आणि वनोपजाबाबत बोलायचा अधिकार आहे. येत्या निवडणुकीत कोणी धडाकेबाज शेठ मत मागायला दारात आला, तर त्याचं शपथपत्र वाचा, त्याच्या नावावर आणि त्याच्या भावा-मेहुण्यांच्या नावावर कोणते ठेके आहेत ते ग्रामसभेत उघड विचारा, आणि तो आजवर कोणाकोणावर ओरडला याची चौकशी त्याच्या मजुरांकडे आणि कर्जदारांकडे करा. मत त्यांची उत्तरं ऐकल्यावर ठरवा.